डावीकडून की उजवीकडून

बाबा, तुमचा तो मोठा टीव्ही गेल्या महिन्यात एकदाचा बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि काही न बोलता परत लावून टाकलं. म्हणून काल आईला घेऊन नवीन टीव्ही घ्यायला गेले होते. ती आता वर्ध्याला माझ्याकडेच असते. दुकानातला सेल्समन मोठा उत्साही होता. त्याने आईला एका भल्या थोरल्या टीव्हीसमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "काकू, इथं बरोबर मधात उभ्या राहा. आता पाहा, हेलिकॉप्टर मागून येऊन तुमच्या डोक्यावरून समोर जाईल." आई उभी राहिली, नेहमीसारखी मान थोडी वळवून, उजवी बाजू पुढे करून. हेलिकॉप्टर येऊन गेलं. "आलं ना मागून?" त्याने विचारलं. आई हसली आणि म्हणाली, "बापू, मले डाव्या कानानं ऐकूच येत नाई. तुयं हेलिकॉप्टर कुठूनबी येऊ दे. बातम्या सांगनाऱ्याचं बोलनं साफ ऐकू येते का, तेवढं सांग." तो ओशाळला. मग रिमोट घेऊन त्याने सगळे सराउंड-बिराउंड बंद केले, नुसता बोलण्याचा आवाज कसा उठतो ते दाखवलं, आणि आम्ही मधल्या आकाराचा एक साधा टीव्ही पसंत करून घरी आलो. एवढंच झालं. पण तिने ते वाक्य किती सहज म्हटलं! अनोळखी माणसासमोर, हसत. तेच वाक्य ती पहिल्यांदा बोलली तेव्हा तुम्ही खोलीत होता, दोन स्पीकरच्या मधोमध तुमच्या खुर्चीत बसलेले. रात्रभर मला तेच आठवत राहिलं. मला तुमच्याबद्दल लिहायचं आहे, आणि चांगलं लिहायचं नाही.

हिंगणघाटच्या बाजारात आपलं कापडाचं दुकान होतं. तुम्ही गादीवर बसून ताग्याची घडी अशी उलगडायचे, की समोरच्या माणसाला वाटावं हे कापड त्याच्यासाठीच विणलंय. "हे पाहा भाऊ, हा माल नागपुरातबी भेटत नाई," असं तुम्ही नागपूरहूनच आलेल्या मालाबद्दल सांगायचे. समुद्रपूरकडच्या खेड्यांतून माणसं कापूस विकून यायची, लग्नाचे कपडे घ्यायची, हात जोडून जायची. मग घरी जेवायला बसल्यावर तुम्ही त्यांची नक्कल करायचे. ते कसे बोलले, कसं दोन बोटांत कापड चोळून पाहिलं आणि काहीच कळलं नाही तरी कशी मान डोलावली. आम्ही हसायचं असं ठरलेलं असायचं. मी हसायचे. आई बहुतेक वेळा उशिरा हसायची, किंवा हसायचीच नाही, आणि तुम्ही ताटावरून मान न उचलता म्हणायचे, "इले काई समजत नाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की लहानपणी मला ते आईचं वर्णन वाटायचं. कुणाची आई उंच असते, कुणाची गोरी, माझ्या आईला काही समजत नाही.

आपल्या समोरच्या घरात वकीलसाहेब राहायचे. त्यांनी मोठा रंगीत टीव्ही आणला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, बी.एस्सी.ला. तुम्ही तो बघून आलात आणि दोन दिवस कुणाशी धड बोलला नाहीत. वकिलांशी तुमचं वैर नव्हतं. तुम्हाला फक्त ते सहन होत नव्हते. ते हळू बोलायचे, पुस्तकं वाचायचे, आणि तुमच्या दुकानातून कापड घेताना भाव करायचे नाहीत, म्हणजे तुम्हाला त्यांना जिंकता यायचं नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही जाहीर केलं, "आपन स्टिरिओवाला घेऊ. त्याच्याकडं साधा आहे." स्टिरिओ म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नव्हतं. शब्द तुम्ही पेपरातल्या जाहिरातीतून उचलला होता. पण तो शब्द तुमच्या तोंडात असा बसला, जसा "इम्पोर्टेड" बसायचा.

नागपूरला जाताना तुम्ही मला सोबत घेतलं, कारण मी सायन्सवाली. सीताबर्डीवरच्या त्या मोठ्या दुकानात आपण गेलो. दुकानदार गल्ल्यावरून उठून स्वतः आला, तुमच्या बोटांतल्या अंगठ्या पाहिल्या आणि आपल्याला थेट आतल्या एसीच्या खोलीत नेलं. तुम्ही विचारलं, "किती वॅटचा आहे?" तो म्हणाला, "हजार वॅट, भैयाजी." तुम्ही मान डोलावली. अगदी तशीच मान, जिची तुम्ही जेवताना नक्कल करायचे. हजार वॅट म्हणजे विजेची शेगडी, बाबा. एवढा आवाज खरोखर आला असता तर समोरच्या वकिलांच्या घराची कौलं खाली आली असती. जाहिरातीतला तो आकडा नुसता फुगवलेला असतो, हे मला तेव्हा अर्धंमुर्धं माहीत होतं, म्हणून मी गप्प राहिले. पण मग त्याने दोन टीव्ही शेजारी शेजारी लावून दाखवले आणि मला राहवेना. मी विचारलं, "याच्यात पण दोन स्पीकर आहेत, त्याच्यात पण दोन. मग याला स्टिरिओ का नाही म्हणत?" दुकानदार हसला. "बिटिया समझदार है," म्हणाला. मग त्याने सांगितलं, आणि नीट सांगितलं. दोन स्पीकर असले म्हणून स्टिरिओ होत नाही. एकच आवाज दोन्हींतून आला तर तो मोनोच. स्टिरिओत डाव्याचा आवाज वेगळा, उजव्याचा वेगळा, आणि त्या फरकामुळे माणसाला वाटतं की गाणारा इथे बसलाय, तबला तिथे. सराउंडचं बटण म्हणजे त्याच आवाजाला थोडं घुमवणं, बाकी काही नाही. मी पुढे विचारलं, "आणि आमच्याकडे केबलवरून जे येतं, ते स्टिरिओ येतं का?"

तो माझ्याकडे पाहायचं सोडून तुमच्याकडे वळला. "आज नहीं तो कल आएगा. भैयाजी, आप तो आगे की सोचनेवाले आदमी हो."

आणि तुम्ही खूश झालात. गिऱ्हाइकाला असं गादीवर बसवून कसं गुंडाळायचं, हे तुम्ही आयुष्यभर केलं होतं, आणि तेच तुमच्यावर चाललेलं तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही स्टिरिओचा सगळ्यात मोठा टीव्ही घेतला, बाजूला ठेवायचे दोन उंच स्पीकर असलेला. परतीच्या बसमध्ये जांबचा फाटा आल्यावर तुम्ही खिडकीबाहेर पाहतच म्हणालात, "दुकानात तोंड बंद ठेवाचं असते. चारचौघांत बापाले खाली पाहाले लावतं? शिकली म्हून का झालं?" मी उत्तर दिलं नाही. बापाला उत्तर द्यायचं नसतं, हे आपल्या घरात कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

टीव्ही बैठकीत आला. मधोमध टीव्ही, दोन्ही भिंतींकडे एकेक स्पीकर, आणि समोर तुमची खुर्ची. कुठे बसलं की आवाज बरोबर लागतो, हे त्या माहितीपुस्तकात एका चित्रात दाखवलं होतं. ते चित्र तुम्हाला फार आवडलं. त्यात एकच माणूस होता. तुम्ही जमिनीवर खडूने खूण केली आणि खुर्चीचे पाय त्या खुणेवर ठेवायला लावले. झाडू मारताना आई खुर्ची सरकवायची आणि परत खुणेवर आणून ठेवायची. आम्ही दोघी भिंतीशी सतरंजीवर. मी कुठेही बसले तरी आई कुरबूर न करता माझ्या डाव्या हाताला यायची, म्हणजे मी तिच्या उजवीकडे. नेहमीच. बाजारात चालतानाही. मला वाटायचं, तिची सवय आहे.

केबलवर दोन्ही स्पीकरांतून तोच तो आवाज यायचा. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण बसमधलं बोलणं ताजं होतं. तुम्ही मात्र डोळे मिटून ऐकायचे आणि आल्या-गेल्याला सांगायचे, "ऐका, बाई इकडून बोलून राह्यली अन् मानूस तिकडून." लोक हो म्हणायचे. दुकानात तुमच्या उधारीवर असलेले तर फारच जोरात हो म्हणायचे. एक दिवस वकीलसाहेब आले, पाच मिनिटं बसले, आणि सहज म्हणाले, "भाऊ, दोन्हीकडून एकच आवाज येऊन राह्यला. केबलवाल्याकडून मोनोच येत असंल." तुमचा चेहरा मला अजून दिसतो. चिडलेला नाही, उघडा पडलेला. त्याच आठवड्यात तुम्ही सीडीचा प्लेअर घेऊन आलात.

त्या प्लेअरवर लावलेला पहिला सिनेमा आठवतो का तुम्हाला? भाड्याने आणलेला, राक्षसी मगरीचा, इंग्रजीतून हिंदीत केलेला. अशा सीड्यांत एका बाजूला हिंदी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी भरलेली असायची आणि प्लेअरवरच्या बटणाने कोणती ऐकायची ते निवडायचं असायचं. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. डावीकडून हिंदी आणि उजवीकडून इंग्रजी एकदम सुरू झाली, मगर मध्ये. शेजारपाजारचे आठ-दहा जण बैठकीत. कुणीतरी विचारलं, "हे काऊन असं दोन-दोन बोलून राह्यले?" आणि तुम्ही, बाबा, तुम्ही खुर्चीत मागे रेलून म्हणालात, "हाच तं स्टिरिओ आहे. ज्याले जे समजते त्यानं ते ऐकाचं." अर्धा सिनेमा लोकांनी तसा पाहिला. तो गोंगाट, ती माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघणारी, आणि मध्ये तुम्ही, एकही शब्द न कळता मान डोलावत. शेवटी पाणी प्यायला म्हणून मी उठले आणि जाता जाता बटण दाबलं. दोन्हीकडून हिंदी आली. तुम्ही म्हणालात, "आता जमलं सीडीचं." मला तुमची दया आली नाही. मला मजा आली. किती दिवसांनी तुमच्यावर हसता येत होतं, मनातल्या मनात का होईना.

मग दिवाळी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही वकीलसाहेबांना, वकिलीणबाईंना आणि बाजारातल्या दोन व्यापाऱ्यांना सहकुटुंब फराळाला बोलावलं. फराळ हे निमित्त होतं. नागपूरहून तुम्ही एक वेगळी सीडी मागवली होती, नुसत्या आवाजांची. आगगाडी एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते. घोडा दौडतो. कुणी टेबलावर चेंडू खेळतं, टक इकडे, टक तिकडे. या वेळी तुमच्याकडे खरा स्टिरिओ होता आणि वकिलांना तो कबूल करायला लावायचा होता. तुम्ही एकेकाला आपल्या खुर्चीत बसवलं. "डोये बंद करा. आता सांगा, आवाज कुठून आला?" व्यापारी म्हणाले, डावीकडून. बरोबर. त्यांच्या बायका लाजत म्हणाल्या, उजवीकडून. बरोबर. वकील बसले, त्यांनीही बरोबर सांगितलं आणि मोकळेपणाने म्हणाले, "भाऊ, मानलं. भल्ला आवाज आहे." तुमचं तिथेच भागायला हवं होतं. ज्यासाठी तुम्ही एवढा खर्च केला ते वाक्य तुम्हाला मिळालं होतं.

पण आई तेवढ्यात चिवड्याचं आणि करंज्यांचं ताट घेऊन आली. तुम्ही म्हणालात, "ये, तूबी बस. ठेव ते." ती म्हणाली, "मले कायले? चूल पेटून राह्यली तिकडं." तुम्ही तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलंत. ताट तिच्या मांडीवरच राहिलं. तिने डोळे मिटले. चेंडू सुरू झाला. "सांग, कुठून?" तिने मान थोडी वळवली. "अवं, सांग ना." तिने अंदाजाने म्हटलं, "उजवीकडून." डावीकडून आला होता. लोक हसले, गमतीनेच. परत लावलात. परत, "उजवीकडून." चूक. तिसऱ्यांदा तिने थोडा विचार करून, "डावीकडून," म्हटलं, आणि त्या वेळी नेमका उजवीकडून. आता तुम्ही मनापासून हसायला लागलात. व्यापाऱ्यांकडे बघत म्हणालात, "पाह्यलं? इले डावं-उजवं समजत नाई. अशा बाईसंग संसार करून राह्यलो मी."

आईने डोळे उघडले. मांडीवरचं ताट दोन्ही हातांनी उचलून स्पीकरवर ठेवलं. मग तुमच्याकडे पाहून, आवाज न चढवता, भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तसं ती म्हणाली, "मले डाव्या कानानं ऐकू येत नाई. तुमी मारलं होतं तवापासून. पोरगी चार वर्षांची होती. तुमाले तं माहीत आहे."

आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

सीडी सुरूच होती. टक, टक. वकिलांनी पायांकडे पाहिलं. एका व्यापाऱ्याने खोकल्यासारखं केलं. तुम्ही म्हणालात, "काईबी बोलते. पडली होती ते न्हाणीत." कुणी काही विचारलं नव्हतं. मग तुम्ही रिमोट उचलला आणि आवाज वाढवलात. हे मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. मारलंत, ते मी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर आठवत नाही. हे मात्र मी पाहिलं. घोडा आला, बैठकीतून दौडत गेला, आणि त्या आवाजात वकिलीणबाई उठल्या, स्पीकरवरचं ताट उचललं आणि आईच्या मागे आत गेल्या. थोड्या वेळाने पाहुणे गेले. फराळ तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दुकानात गेल्यावर मी स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसले. ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "काऊन मारलं होतं?" ती म्हणाली, "आता कोनाले आठवते? हाक मारली अन् मी लवकर आली नाई, असंच काईतरी." मग सूप हलवत म्हणाली, "कानातून रगत आलं तं घाबरले ते. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात त्यायनंच नेलं. डॉक्टरले सांगतलं, न्हाणीत पाय घसरला. मीबी हो म्हटलं. डॉक्टर म्हने, हा कान आता येत नाई परत." मी म्हटलं, "म्हणजे बाबांना माहीत होतं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझाच प्रश्न मला बावळट वाटला. "त्यायच्या समोरच सांगतलं ना डॉक्टरनं."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माझं सगळं लहानपण तुम्ही तिला त्या बाजूने हाका मारल्या आणि ऐकलं नाही म्हणून ओरडलात. जेवताना तिच्या डाव्या अंगाला बसून तुम्ही नकला केल्यात आणि ती हसली नाही म्हणून तिला मंद ठरवलंत. मी आता ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. ध्वनीचा धडा आला की मुलांना सांगते, आवाज कुठून आला हे आपल्याला दोन कानांमुळे कळतं. एका कानाला तो किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो, त्या फरकावरून डोकं दिशा ठरवतं. एकच कान असेल तर आवाज कळतो, दिशा कळत नाही. इतकं साधं आहे ते. त्या बैठकीत तिच्याखेरीज तुम्ही एकटेच असे होता ज्याला हे ठाऊक असायला हवं होतं, की त्या खुर्चीत बसून त्या प्रश्नाचं उत्तर तिला देता येणारच नाही. आणि तुम्ही तिलाच बसवलंत. मला पुष्कळ दिवस वाटत होतं की तुम्ही मुद्दाम केलं असेल. आता वाटतं, तुम्ही विसरला होता. हे मला जास्त किळसवाणं वाटतं. तिचा कान घेतला आणि विसरून गेलात, जसा एखादा विकलेला तागा विसरावा.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. तुम्ही आईवर हात उचलल्याचं त्या आधी मी क्वचित पाहिलं होतं, नंतर कधीच नाही. "इले काई समजत नाई" हे वाक्यही थांबलं. तुम्ही तिच्याशी कमी बोलायला लागलात, आणि जेव्हा बोलायचे तेव्हा आधी समोर येऊन उभे राहायचे. एकदा दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. तुम्ही जेवून खुर्चीत बसला होता, टीव्ही चालू होता, आणि तुम्ही डाव्या कानावर तळहात घट्ट दाबून धरला होता. मला पाहून हात खाली घेतलात आणि गाल खाजवल्यासारखं केलंत. मी आत निघून गेले. मला रागच आला. इतक्या वर्षांनी तुम्ही दोन मिनिटं तिच्यासारखं ऐकून पाहत होता, आणि तेही चोरून.

पुढे मी एम.एस्सी.ला नागपूरला हॉस्टेलवर गेले. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा टीव्हीचा डावा स्पीकर गप्प होता. मला वाटलं वायर निघाली असेल. वायर जागेवर होती. मग रिमोट घेऊन टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेले, तर बॅलन्सची रेघ उजव्या टोकाला नेऊन ठेवलेली. सगळा आवाज उजव्या स्पीकरमधून, आणि त्या स्पीकरच्या अलीकडे भिंतीशी आईचा पाट. खुर्ची अजून खुणेवर होती, पण आता त्या खुणेला काही अर्थ उरला नव्हता. तुमच्या हौसेचा स्टिरिओ तुम्ही स्वतःच मारून टाकला होता. मी आईला विचारलं, "हे कुणी केलं?" ती म्हणाली, "तुया बाबानं केलं असंल. मले नाई सांगतलं काई." मी म्हटलं, "पण आई, असं करून काय होतं? त्यापेक्षा मोनो करून पाट फिरवून बसली असतीस तरी तेवढंच ऐकू आलं असतं." ती म्हणाली, "मले पह्यलेबी ऐकूच येत होतं. पन त्यायले वाटलं, तं राहू देल्लं."

वकिलीणबाईंना आईने हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मला आलं नाही. मला तुमचं कौतुक वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्या माणसाला दुकानात गादीवर बसून तासभर न थांबता बोलता यायचं, त्याला घरात दोन शब्द सापडले नाहीत आणि त्याने रिमोटचं बटण दाबून काम भागवलं. तेही चुकीचं बटण. आई पुढची कितीतरी वर्षं त्या पाटावर तशीच बसली, तुमच्या त्या मुक्या माफीचा मान ठेवत, आणि तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपण काहीतरी केलं. लग्नसराईत, भर दुकानात, गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता तुम्ही गेलात. आई रडली. मी पण रडले, लोक होते म्हणून आणि थोडं खरंही. तेराव्यानंतर मी बॅलन्स मधोमध आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो परत उजवीकडे होता. मग मीही त्याला हात लावला नाही. टीव्ही वर्ध्याला आला तेव्हाही तो तसाच होता आणि तसाच बंद पडला.

हे सगळं मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं असं आईला कधी वाटलं नाही, मला वाटायचं. तुम्ही हयात असताना मी मनात कितीदा वाक्यं जुळवली. आज जुळवावी लागली नाहीत, आपोआप आली. मला वाटलं, आता काय उरलंय घाबरण्यासारखं. मी दोन मुलांची आई आहे, वर्गात ऐंशी पोरांना गप्प करते, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. आई आत पोळ्या करते आहे. मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते आहे.

"तागा विसरावा" हे वाक्य लिहीत होते तेव्हा बाहेरच्या फाटकाची कडी वाजली, तुम्ही दुकानातून आल्यावर वाजायची तशी. मी कागद झटकन उलटा केला आणि त्यावर वर्तमानपत्र ओढलं. दूधवाला होता. त्याला भांडं देऊन परत आले तरी बराच वेळ मला तो कागद सरळ करता आला नाही.